तुमच्या स्वप्नाची पहिली पायरी कोणती होती?

"एकदा करायचंच आहे" असं म्हणत आपण मनात बरंच काही जपून ठेवतो. त्यातलं एखादं खरंच पार पडतं. ते कसं पडलं, हे मला ऐकायचंय. जिद्द तर लागतेच, पण तुम्ही नेमकं काय केलंत ते लिहा. कुठला अर्ज भरलात, कुणाला विचारलंत, वेळ कुठून काढलात?

मला गाणं शिकायचं होतं, पण धरायचं कुठून तेच कळेना. गाण्याच्या बाई म्हणाल्या, विशारदची मोठी परीक्षा राहू दे, आधी गांधर्व मंडळाची प्रारंभिक, म्हणजे पहिली परीक्षा देऊ. मग फक्त भूप राग. त्यात मध्यम-निषाद (म आणि नी) वर्ज्य, उरलेले पाच स्वर जागेवर लागेपर्यंत तेच. परीक्षेची तारीख ठरली आणि रियाजाची वेळही आपोआप ठरली.

सांगलीहून
नववीत शाळा सुटली, लग्न झालं. दहावी पास व्हायचं मनात होतं, पण बोलायची लाज वाटायची. मुलीनं सतरा नंबरच्या फॉर्मचं, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायच्या अर्जाचं सांगितलं. तो भरला की एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते आणि परीक्षा इतर मुलांबरोबरच होते. भीती फक्त गणिताची. तिथल्या सरांनी सगळं पुस्तक बाजूला ठेवायला लावलं आणि 35 मार्कांचा हिशोब मांडून दिला. आधी सांख्यिकी, मग संभाव्यता, मग अर्थनियोजन. त्यातला जीएसटी मला आमच्या दुकानामुळे येतच होता! तिथून धीर आला. भूमितीत मात्र प्रमेयं पाठ करण्यापेक्षा आकृत्या काढत बसले, त्याचा फार उपयोग झाला. पास झाले. आता बारावीला बसतेय.

ठाण्याहून
माझं सातारा हिल मॅरेथॉनचं होतं. 21 किलोमीटर, त्यात यवतेश्वरचा घाट. सुरुवातीला अंतर मोजलंच नाही. शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगानं पळायचं, एवढंच पाळलं. अंतर हळूहळू वाढलं, चढाचा सराव इथल्या येऊरच्या डोंगरावर केला.

नागपूरहून
थोडं वेगळं लिहितो. मला हिमालयातला मोठा ट्रेक करायचा होता. बाबांचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. घर सोडणं शक्य नव्हतं आणि सोडायचंही नव्हतं. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण डायलिसिस नसलेल्या दिवशी पहाटे अंबाझरी तलावावर पक्षी बघायला जाऊ लागलो, नोंदी ठेवू लागलो. हे त्या ट्रेकच्या बदल्यातलं आहे असं मी म्हणणार नाही. हे वेगळंच काहीतरी सुरू झालं आणि ते मला मनापासून आवडतं. तेव्हा प्रत्येक स्वप्नाला तारीख लावायची घाई नको, असं मला वाटतं.

जळगावहून
सांगलीच्या ताई, तो फॉर्म कुठे मिळतो? माझ्या वहिनींना हवाय.

सांगलीहून
बोर्डाच्या वेबसाइटवर ऑनलाइन भरतात, दादा. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो जवळ ठेवा. दाखला हरवला असेल तर वहिनींना आधी त्यांच्या शाळेतून दुसरी प्रत काढायला सांगा, त्यातच वेळ जातो. गणिताच्या माझ्या वह्या त्यांना खुशाल पाठवते.