दर शनिवारी घरी बोलवू नका

ताई, मुलगा यवतमाळकडच्या दारव्ह्याहून पुण्याला शिकायला गेला अन् महिन्यातच 'परत येतो' म्हणतोय, हे वाचलं. वर कुणीतरी दर शनिवारी घरी बोलवा म्हटलंय, ते काही पटलं नाही. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये हिंदकळत यायचं, दुपारभर झोपायचं अन् संध्याकाळी पुन्हा बॅग उचलायची. मग तिकडं रुळणार कधी?

माझ्या भाच्याचं अर्धं दुखणं जेवणाचं होतं. मेसच्या आमटीत गूळ, भाजीला तिखटाचा पत्ता नाही. बहिणीनं जवसाची चटणी अन् घरचं तिखट बांधून दिलं. खोलीतला साताऱ्याचा पोरगा रोज चमचाभर चटणी मागू लागला, अन् तिथूनच दोघांचं जमलं.

दुसरं, पैशाचं. पोरं सांगत नाहीत, पण खोलीभाड्याचा घोर असतोच. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध प्रवर्गात असाल अन् सरकारी वसतिगृह मिळालं नसेल, तर स्वाधार योजनेचा, म्हणजे राहण्या-जेवणाच्या खर्चासाठीच्या सरकारी मदतीचा, अर्ज भराच. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. पैसे उशिरा येतात, तेव्हा सुरुवातीची सोय तुम्हालाच करावी लागेल.

पोळ्याला नाही आला तरी चालेल. दिवाळीचं तिकीट मात्र आत्ताच काढा, ऐनवेळी ट्रॅव्हल्सवाले वाट्टेल ते भाडं सांगतात.