धरणात गेलेल्या गावाची गोधडी: माणसं कशी दाखवू?

धावदोरा:
आमचं गाव धरणात गेलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आईची तीन लुगडी आणि आजीची खणाची चोळी माझ्याकडे राहिली. यंदा त्यांची गोधडी शिवायला घेतलीय, पण पांघरायला नाही. ज्यांना अजून बदली जमीन मिळाली नाही, त्यांच्या घरांसकट सगळं गाव तिच्यावर काढायचंय आणि पुढच्या मोर्चात ती सगळ्यांच्या पुढे धरायचीय.

भाऊ म्हणतो, "ताई, फ्लेक्स छापून घे, एका दिवसात मिळतो." फ्लेक्स आम्ही खूप धरले. साहेब गाडीतून उतरतात, वाचल्यासारखं करतात, आत जातात. आईच्या लुगड्यापुढे त्यांनी थांबावं, असं मनापासून वाटतं.

नदी, पार, देऊळ जमलं. माणसं जमत नाहीत, बाहुल्यांसारखी दिसतात. असं काम कुणी पाहिलंय का?

चिंधी:
ताई, बाहुल्यांसारखी दिसू द्या! चिलीतल्या बायकांनी तेच केलं. ११ सप्टेंबर १९७३ला तिथे लष्करानं सत्ता बळकावली. लष्करशहा पिनोशेच्या राजवटीत उचलून नेलेली किती तरी माणसं परत आलीच नाहीत. त्यांच्या आया, बायका, बहिणी सान्तियागोत चर्चच्या आसऱ्यानं एकत्र बसून शिवू लागल्या. १९७६पासून 'विकारिया दे ला सोलिदारिदाद' ही चर्चचीच संस्था त्यांच्या पाठीशी होती.

त्या कामाला 'आर्पियेरा' म्हणतात, म्हणजे आपलं तरटच. खाली पोत्याचं कापड, वर चिंध्या, कधी कधी नेलेल्या माणसाच्याच कपड्यांच्या. मागे आंदीजचे डोंगर, वर सूर्य. इतकं रंगीत की लांबून जत्रा वाटावी. जवळ जाल तर बंद कारखाना दिसतो, दहा घरांचा मिळून एक रांधायचा हंडा दिसतो, 'ते कुठे आहेत?' अशी पाटी धरलेल्या बायका दिसतात. माणसं म्हणजे चिमुकल्या बाहुल्या, तरटावर उठून आलेल्या. हे तुकडे गुपचूप देशाबाहेर जायचे, विकले जायचे, त्यावर घरं चालायची. वर्तमानपत्रांची तोंडं बांधलेली असताना ही बातमी बाहेर पोचत होती.

काठपदर:
नावंही घाला. अर्जेंटिनातही लष्करी राजवट असताना, १९७७मध्ये, प्लाझा दे मायो चौकात बेपत्ता मुलांच्या आया फेऱ्या घालू लागल्या. एकमेकींना ओळखता यावं म्हणून त्यांनी डोक्याला पांढरं कापड बांधलं, आधी चक्क बाळाचा लंगोट. पुढे त्या पांढऱ्या रुमालांवर मुलांची नावं भरली गेली. फक्त ज्याचं नाव घालाल, त्याच्या घरी आधी विचारा. गावात राहायचं त्यांनाच आहे.

सुईण नव्हे सुईवाली:
जुनं लुगडं विरलेलं असतं, आत मांजरपाटाचं अस्तर द्या. टाके जवळ घ्या. वरच्या कडेला नेफा शिवा म्हणजे काठी जाईल, नाहीतर दोघींचे हात तासाभरात भरून येतील.

धावदोरा:
सगळ्यांचे आभार. नेफा झाला. बायका चिंध्या भरून केल्या, विहिरीवरच्या बाईला आईच्या हिरव्या लुगड्याचा पदर दिला. दीड बोटाचा पदर, पण काठ आलाय त्यात.

काल नाव विचारायला आक्कांकडे गेले. त्यांच्या घराचा तुकडा त्यांनी मांडीवर घेतला, दारावर बोट फिरवलं. म्हणाल्या, "नाव घाल माझं. आणि खाली गट नंबर पण घाल, सातबाऱ्यावर होता तो." आज तो लाल दोऱ्यानं भरतेय.