मालकाकडून थेट घेतलेली जुनी गाडी सदोष निघाली, तर भुर्दंड कोणी सोसायचा?

निळाई (धागाकर्ती)
घरगुती विक्रीत गाडी हातात येते, चार दिवसांत गिअरबॉक्स जातो आणि आधीचा मालक म्हणतो, "जशी आहे तशी दिली, कागदावर तुमची सही आहे." ऐकणारेही मान डोलावतात. मला हे अजिबात पटत नाही. दोष माहीत असून गप्प बसणारा विक्रेता आपल्याकडे फार सहज सुटतो.

१९३०च्या वस्तुविक्री कायद्याचं कलम १६ बघा. दर्जाची गर्भित हमी (करारात लिहिली नसली तरी कायद्याने धरलेली) आहे, पण ती त्या वस्तूचा धंदा करणाऱ्याकडून. डीलर त्यात येतो, स्वतःची एकुलती एक गाडी विकणारा येत नाही. तो व्यापारी नसल्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ताही जवळपास बंदच. उरतं दिवाणी न्यायालय. उलट फ्रान्सच्या दिवाणी संहितेत कलम १६४१ छुप्या दोषाची जबाबदारी खासगी विक्रेत्यावरही टाकतं. 'हमी नाही' असं करारात लिहिता येतं, पण दोष ठाऊक असलेल्याला त्यामागे लपता येत नाही. हे आपल्याकडे का नको?

वाटसरू
नको, कारण विकणाराही तुमच्या-माझ्यासारखाच असतो. इंजिनातली टायमिंग चेन किती ताणली गेलीय, हे त्याला कुठून कळणार? डीलरपेक्षा गाडी स्वस्त मिळते, ती हमी नसते म्हणूनच. सूट घ्यायची आणि हमीही मागायची, हे न्याय्य नाही.

घेणाऱ्याने मेकॅनिक सोबत न्यावा. इंजिन थंड असताना चालू करून बघावं, गाडी लिफ्टवर चढवून चॅसी (खालचा सांगाडा) पाहावी, गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावावा. १८७२च्या करार कायद्याचं कलम १९ हेच सांगतं: साधारण दक्षता घेऊन सत्य कळलं असतं, तर नुसत्या मौनाचं कारण देऊन करार रद्द करता येत नाही.

निळाई
मेकॅनिक अर्ध्या तासात काय बघणार? इंजिनातल्या हेड गॅस्केटची (सीलची) गळती लांबच्या प्रवासात गाडी तापल्यावर उघडी पडते. पुरात बुडालेल्या गाडीचं वायरिंग काही महिन्यांनी गंजून दगा देतं. ज्याने ती गाडी रोज चालवली, त्याला जे ठाऊक आहे ते तपासणीत सापडेलच, हे गृहीत धरणं मला अन्यायाचं वाटतं.

कलमवाचक
दोघांनाही वाटतं त्यापेक्षा कायदा जास्त देतो. करार कायद्याच्या कलम १७खालची घोड्याची उदाहरणं वाचा. घोडा सदोष आहे हे माहीत असून मालक लिलावात काहीच बोलला नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असं मी धरतो," आणि मालक गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकंच ठरतं. म्हणजे प्रश्न विचारला की चित्र पालटतं. व्यवहाराआधी मेसेजवर लेखी विचारा: अपघात झालाय का, इंजिन उघडलंय का, ओडोमीटर बदललाय का?

दुसरं, गप्प बसणं वेगळं आणि लपवणं वेगळं. चॅसीचा वेल्ड पुट्टी-रंगाने झाकणं किंवा दाखवायच्या सकाळी कॉम्प्युटरमधले एरर कोड (बिघाडाच्या नोंदी) पुसणं ही सक्रिय लपवणूक आहे. तिथे 'जशी आहे तशी'चा कागद कामाचा नाही, आणि कलम १९मधला तो दक्षतेचा अपवादही लागू होत नाही. (कोड नुकतेच पुसले असतील तर स्कॅनरवर बरेच मॉनिटर (गाडीच्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्या) 'तयार नाही' दाखवतात. हे जरूर बघा.)

शिवाय वस्तुविक्री कायद्याची कलमं १४ आणि १५ खासगी विक्रीलाही लागतात. पहिलं मालकी हक्काचं, दुसरं वर्णनाचं. जाहिरातीत '२०१९चं मॉडेल' लिहिलं आणि गाडी २०१७ची निघाली, तर धंदा असो-नसो, विक्रेता बांधील आहे.

वाटसरू
वर्णनाचं मान्य. खोटं बोलणाऱ्याची बाजू मी घेतलेली नाही. पण 'त्याला माहीत होतं' हे सिद्ध कसं करणार? आणि दोष सांगण्याची सक्ती केली, तर विक्रीनंतर वर्षभराने झिजलेल्या क्लचसाठीही नोटीस येईल. साधा माणूस गाडी विकायलाच घाबरेल.

निळाई
झीज मी मागतच नाहीये. माहीत असलेले मोठे दोष विक्रीच्या कागदावर लिहून द्यावेत, एवढंच. खरं सांगणाऱ्याचं त्यातून संरक्षणच होईल, आणि पुराव्याचा तुमचा प्रश्नही बराचसा सुटेल.

कलमवाचक
पुरावा आजही मिळतो. सर्व्हिस सेंटरमधली नोंद, विक्रीआधी घेतलेलं दुरुस्तीचं एस्टिमेट, विम्याचा जुना क्लेम. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र पैसे देण्याआधीच काढून ठेवा, नंतर जाहिरात काढून टाकली जाते.

आणि दोष कळल्यावर गाडी चालवत राहू नका. लगेच लेखी कळवा, दुसऱ्या गॅरेजकडून तपासणीचा अहवाल घ्या, तोवर दुरुस्ती करू नका. गाडी वापरत राहिलात तर ती स्वीकारली असा अर्थ निघू शकतो. मग गाडी परत करून पैसे मागण्याचा हक्क जातो आणि उरते फक्त नुकसानभरपाई.