विकिपीडियाचा प्रचालक नेमायचा कसा, आणि नको झाला तर काढायचा कसा?

चावडीवाचक
एका छोट्या भाषेच्या विकिपीडियावर नियमित लिहिणारे जेमतेम आठ-दहा जण आहेत, प्रचालक (पानं वगळण्याचे, खाती रोखण्याचे अधिकार असलेला सदस्य) एकही नाही. आता दोघांची नावं पुढे आली आहेत. कौल कुठे आणि किती दिवस घ्यायचा? आणि खरा प्रश्न हा, की उद्या यातलाच एखादा विरोधकांना तडीपार करू लागला, तर त्याची बटणं, म्हणजे हे अधिकार, काढून घेणार कोण?

तळटीप
चावडीवर, म्हणजे विकीच्या सामाईक चर्चापानावर, स्वतंत्र विभाग काढा. उमेदवाराने स्वतः ‘मान्य’ लिहून सही करावी आणि बटणं कशासाठी हवीत तेही सांगावं: उत्पाती खाती रोखायला, रद्दी पानं वगळायला की पानं सुरक्षित करायला. चर्चा किमान ७ दिवस उघडी ठेवा. मग मेटा-विकीवर (सगळ्या विकींची सामाईक समन्वयाची विकी) प्रतिपालकांच्या, म्हणजे कोणत्याही विकीवर अधिकार देऊ-काढू शकणाऱ्या स्टुअर्डांच्या, अधिकार-विनंती पानावर अर्ज करा आणि चर्चेचा दुवा द्या. स्वीकृती अधिकारी असलेल्या विकीवर तोच अधिकार देतो, पण तुमच्याकडे तो नसणार.

चौथ्या दिवशीच ‘सगळ्यांचा होकार आहे’ म्हणून अर्ज टाकलात तर तो नुसता पडून राहील. चर्चेखाली इंग्रजीत दोन ओळींचा सारांशही द्या, कारण प्रतिपालकाला तुमची भाषा येत असेलच असं नाही.

एवढ्या कमी मतांवर कायमचे अधिकार मिळतील ही आशा नको. ३ महिने, ६ महिने किंवा १ वर्ष अशी मुदत मिळते आणि ती संपली की बटणं जातात. पुढे हवी असतील तर दोनेक आठवडे आधी नवी चर्चा सुरू करायची. काहींना यात कमीपणा वाटतो. माझ्या मते तुमचा दुसरा प्रश्न निम्मा इथेच सुटतो.

उलटतपासणी
मतदार कोण, हे कौल सुरू होण्यापूर्वी ठरवा. ‘खातं किमान एक महिना जुनं आणि लेखांत ५० संपादनं’ एवढी अट छोट्या विकीला पुरते. अट नसली की व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा फिरतो आणि त्याच दिवशी उघडलेली पाच-सात खाती एकाच साच्यातलं ‘पूर्ण पाठिंबा’ लिहून जातात. बरेचदा ती खरी माणसंच असतात, एकाच माणसाने उघडलेली बाहुली खाती नसतात. तरी अशा मतांना वजन मिळत नाही आणि नाव उमेदवाराचं खराब होतं.

टक्केवारीच्या मागे फार लागू नका. इंग्रजी विकिपीडियावरसुद्धा ६५ ते ७५ टक्क्यांच्या मधला निकाल स्वीकृती अधिकारी चर्चा वाचून ठरवतात.

मागचं_दार
काढण्याबद्दल. बहुतेक विकींवर स्वीकृती अधिकारी प्रचालकपद देऊ शकतो, काढू शकत नाही; ते प्रतिपालक काढतात. खातं चोरीला गेलं आणि कोणी धडाधड पानं वगळू लागलं तर तात्काळ काढतात. एरवी ‘अमका पक्षपाती आहे’ म्हणून गेलात, तर पहिला प्रश्न येतो: स्थानिक चर्चा कुठे झाली?

जर्मन विकिपीडियावर एका महिन्यात २५ किंवा सहा महिन्यांत ५० सह्या झाल्या की प्रचालकाला पुन्हा निवडणुकीला उभं राहावं लागतं. इंग्रजीने २०२४ मध्ये असाच नियम केला: ३० दिवसांत २५ सह्या, मग फेरकौल. तुमच्याकडे २५ माणसंच नाहीत, तेव्हा आकडा आपल्या मापाचा घ्या. तीन नियमित सदस्यांनी फरकांच्या (एका संपादनात नेमकं काय बदललं ते दाखवणाऱ्या पानांच्या) दुव्यांसह मागणी केली की १४ दिवसांचा फेरकौल, आणि निम्म्याहून कमी पाठिंबा मिळाला तर अधिकार काढले जातील. ‘काढायला दोन-तृतीयांश मतं हवीत’ असं चुकूनही लिहू नका. तीन-चार मित्र जमवले की तो माणूस हलत नाही. पाठिंबा मिळवण्याचं ओझं प्रचालकावरच हवं. आणि हा नियम नेमणुकीच्या आधी मंजूर करा. भांडण पेटल्यावर केलेला नियम एका माणसासाठी केला असंच दिसतं, आणि बहुधा ते खरंही असतं.

तळटीप
निष्क्रियतेचं वेगळं. स्वतःचा नियम नसलेल्या विकींवर दोन वर्षं एकही संपादन किंवा नोंदवलेली कृती नसेल तर प्रतिपालक कळवतात, महिनाभर वाट पाहतात आणि मग अधिकार काढतात. पण दोन वर्षांत एखादा स्वल्पविराम दुरुस्त केला तरी पद वाचतं. इंग्रजीने २०२३ पासून पाच वर्षांत किमान १०० संपादनांची जादा अट घातली ती यासाठीच.

चावडीवाचक
आभार. पण विरोधकांनाच रोखून ठेवलं तर फेरकौल मागणार कोण?

उलटतपासणी
क्रोएशियन विकिपीडियावर हेच झालं. दशकभर प्रचालकांच्या एका गटाने टीकाकारांना रोखलं, आणि कौलांत बाहुली खाती वापरली गेली. स्थानिक बहुमत नेहमी त्यांच्याच बाजूचं दिसायचं, त्यामुळे बाहेरून हात घालणं अवघड होतं. गटाच्या म्होरक्यावर जागतिक (सगळ्या विकींवरची) बंदी यायला २०२० उजाडलं.

स्थानिक विकीवर रोखलेलं खातं मेटावर चालतं. तिथे चर्चा उघडा. वैतागाचे परिच्छेद नकोत. प्रत्येक ओळीत रोखलेलं खातं, तारीख, नोंदीतलं कारण आणि ज्यावरून वाद झाला त्या फरकाचा दुवा. स्क्रीनशॉट टाळा, दुवा कोणालाही तपासता येतो. बाहुल्यांचा संशय असेल तर खाती-तपासणीची (अनेक खात्यांमागे एकच माणूस आहे का हे पाहण्याची) विनंतीही मेटावरच करायची. स्थानिक तपासनीस नसला की ती प्रतिपालक करतात. प्रत्येक संशयित खात्यामागे ठोस कारण लिहा. ‘सगळी त्याचीच खाती वाटतात’ एवढ्यावर तपासणी होत नाही. आणि उशीर नको: तपासणीला लागणारा तांत्रिक तपशील सर्व्हरवर साधारण ९० दिवसच राहतो.