मदत हवी आहे: ४०० दिवसांच्या घड्याळाची पट्टी तुटली

नमस्कार मंडळी. आजोबांचं काचेच्या घुमटातलं घड्याळ आहे. खाली चार पितळी गोळे संथपणे उलटसुलट फिरतात, चावी वर्षातून एकदाच. २०१९ च्या पुरात सांगलीतलं घर घाईनं रिकामं करताना मी गोळे अडकवून न ठेवताच ते उचललं आणि ते ज्या केसासारख्या पट्टीला लटकतात तीच पिळवटून तुटली. फार जीव आहे हो त्यावर.

घड्याळजी म्हणतात, कुठलीही पट्टी चालेल. मला पटत नाही. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, म्हणजे जाडी किंचित चुकली तरी घड्याळ रोज कितीतरी मिनिटं पुढे-मागे जाणार.

मागच्या पत्र्यावर फक्त 'जर्मनी' आणि एक आकडा आहे. त्यावरून बनवणारा कसा ओळखायचा? नेमक्या जाडीची पट्टी सांगली, मिरज किंवा कोल्हापुरात कोण बसवून देईल? तुटलेले तुकडे जपून ठेवलेत.