नोव्हेंबरात जपान : चालत फिरवणारा खासगी गाईड घ्यावा का? कुठे घ्यावा?

मुक्ता_पर्वती

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही चौघं जपानला निघालोय. मी, नवरा आणि माझे आई-बाबा. टोक्योत उतरणार, ओसाकाहून परतणार, एवढंच पक्कं आहे. बाबा निवृत्त झाल्यापासून दुर्बीण गळ्यात घालूनच असतात. भिगवण झालं, नांदूर मध्यमेश्वर झालं. आईला देवळं, बागा, डोंगर. दोघंही पासष्टीच्या पुढचे, पण रोज पर्वती चढतात, त्यामुळे चालायची काळजी नाही. उतारावर घाई केली की आईचा गुडघा बोलायला लागतो, तेवढं सांभाळायचं.

ग्रुप टूर नको. झेंड्यामागे पळायचं, देऊळ उरकायचं आणि बसमध्ये थेपले खायचे, हे दोघांचं युरोपात करून झालंय. एका कंपनीने ‘प्राणी, देवळं आणि निसर्ग’ अशी खासगी पायी टूर सुचवलीय, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच गाईड बरोबर. आकडा ऐकल्यापासून नवरा जरा कमी बोलतोय.

एवढा गाईड खरंच लागतो का? गरम पाण्यात बसणारी माकडं बाबांना बघायचीच आहेत. आणि आम्ही चौघंही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. जाऊन आलेल्यांनी आणि तिथे राहणाऱ्यांनी लिहा प्लीज.

एदोगावाकर

मुक्ता, आधी माकडांचं सांगतो, कारण तिथेच टूरवाले गंडवतात. डोक्यावर बर्फ आणि भोवती वाफ हे चित्र डिसेंबर ते मार्चमधलं. नागानोजवळचं जिगोकुदानी वर्षभर उघडं असतं, पण तिथली माकडं पाळलेली नाहीत, डोंगरातून उतरून येतात. शरदात रानात फळं-बिया भरपूर, त्यामुळे कधीकधी ती फिरकतच नाहीत. आली तरी थंडी नसेल तर पाण्यात उतरायचं त्यांना काही कारण नाही. मी नोव्हेंबरात पाहुण्यांना तिकडे पाठवत नाही.

त्याऐवजी कामिकोची करा. टोक्योच्या शिंजुकू स्टेशनहून मात्सुमोतो, तिथून लोकल आणि बस. साधारण १५०० मीटर उंचीवरची दरी, मधून आझुसा नदी, समोर होताकाची शिखरं. खासगी गाड्यांना आत बंदी आहे. ताइशो तळ्यापाशी उतरून कप्पा पुलापर्यंत तासभराची सपाट वाट, पुढे अजून तासाभरावर म्योजिन. म्योजिनला होताका देवस्थानाचं आतलं देऊळ आणि मागे काचेसारखं तळं. हीच माकडं तिथे पायवाटेवरून तुमच्या शेजारून, तुमच्याकडे ढुंकूनही न बघता चालत जातात. बाबांसाठी आझुसाच्या दगडांवर शेपटी उडवत बसणारा तपकिरी डिपर पक्षी. हिमालयात ओढ्यांवर दिसतो तोच. फक्त १५ नोव्हेंबरला कामिकोची हिवाळ्यासाठी बंद होतं, म्हणजे तुमच्या सहलीच्या सुरुवातीलाच उरकायला हवं. रात्री पारा शून्याखाली जातो, कानटोप्या घ्या.

आता गाईड. सलग एकच गाईड अजिबात घेऊ नका. शिंकान्सेनमध्ये (बुलेट ट्रेन) तो तुमच्या शेजारी डुलक्या काढणार आणि त्या दिवसाचेही पैसे, तिकीट, मुक्काम, जेवण तुमच्याच खिशातून. त्यापेक्षा जागोजागी अर्ध्या दिवसाचा स्थानिक माणूस धरा. कामिकोचीत दोन-तीन तासांचे निसर्ग-गाईड मिळतात, आणि त्यांना कुठल्या फांदीवर कोण बसतं ते ठाऊक असतं. टोक्योहून आलेल्याला ते कुठून माहीत असणार?

भटक्या_सदू

गाईड हवाच कशाला? जपानात रस्ता चुकायला प्रतिभा लागते. पाट्या इंग्रजीत, मॅप आहे, भाषांतराचं ॲप आहे. ते पैसे वाचवा आणि एक रात्र चांगल्या ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या हॉटेलात, राहा. आईच्या गुडघ्यालाही बरं.

केतकी_नाशिक

सदूभाऊ, रस्त्यासाठी नाही हो गाईड. आमचं नाराचं सांगते.

नारात सगळे करतात तेच आम्हीही केलं होतं. हरणांची बिस्किटं घेतली, हरणांनी माना लववल्या, ओढणी ओढली, फोटो झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका स्थानिक बाईंबरोबर अर्धा दिवस फिरलो तेव्हा कळलं की काल आम्ही फक्त बिस्किटं विकत घेतली होती. पहिली गोष्ट त्यांनी दाखवली ती झाडांची. बागेतल्या बहुतेक झाडांची पानं एका ठराविक उंचीपासूनच सुरू होतात, जशी कुणी पट्टी लावून कापलीत. हरणाची मान पोचते तिथपर्यंत सगळं साफ. मग कासुगा देवस्थानाकडून ताकाबाताकेकडे जाणाऱ्या रानवाटेवर नेलं, तर तिथे दोन्ही बाजूंना एकाच झुडपाची दाटी, वाकडीतिकडी खोडं आणि वर हिरवा मांडव. ते आसेबी. विषारी, म्हणून हरणं तोंड लावत नाहीत आणि म्हणूनच तेवढंच माजलंय. पुढे एक खाजरी वनस्पती दाखवली. बाहेर याच जातीवर काटेरी लव जेमतेम असते, नारातल्या झाडांवर मात्र दाट. शेकडो वर्षं हरणं कमी लव असलेली खात गेली, राहिली ती ही. मी बोट लावणार तेवढ्यात त्यांनी मनगट धरलं.

मागचं कासुगायामाचं जंगल तर इ. स. ८४१ पासून शिकार आणि तोड बंद असलेलं. आपल्याकडच्या देवराईसारखंच, फक्त अख्खा डोंगर. कासुगाचा देव दूरच्या काशिमाहून पांढऱ्या हरणावर बसून आला अशी कथा आहे, म्हणून हरणं त्याची. हे सगळं पाटीवर वाचता येतं, कबूल. पण ते झुडूप समोर असताना कुणीतरी सांगितलं की बाबांसारख्या माणसाचा दिवस सार्थकी लागतो.

एक सूचना. नोव्हेंबरच्या सुरुवातीलाही नर माजावर असतात. ऑक्टोबरात बऱ्याच नरांची शिंगं समारंभाने कापतात, तरी धडक ती धडक. बिस्किटं दाखवून तंगवू नका, पटकन देऊन मोकळे हात दाखवा. प्लास्टिकची पिशवी हातात ठेवू नका, ती खातात आणि त्याने मरतात.

नारातल्या तोदाइजी देवळात आईंना सांगा की इ. स. ७५२ मध्ये त्या प्रचंड बुद्धाचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हातून झाला होता. कुंचल्याला लांब दोर बांधून जमलेल्यांनी ते हातात धरले होते. तिथून वरच्या निगात्सु-दो देवळाच्या सज्जात जा, संध्याकाळी. तिकीट नाही, पायऱ्या आहेत, पण सावकाश चढता येतं आणि वरून सगळं नारा.

भटक्या_सदू

केतकीताई, माघार. नारापुरता गाईड मान्य. बाकी ठिकाणी मी ओन्सेनवर ठाम आहे.

श्रावणसरी

शाकाहाराचं कुणीच लिहीत नाहीये! मुक्ता, तिथे ‘मांस नको’ सांगून भागत नाही. सूप, उदोन (जाड नूडल्स), उकडलेली भाजी, सगळ्यात दाशी, म्हणजे चवीचं उकळलेलं पाणी असतं, आणि ते बहुधा सुकवलेल्या माशाचं. हॉटेलवाल्याला तो मासा वाटतच नाही, त्याचा दोष नाही. ‘मांस, मासे, अंडं आणि माशाची दाशी चालत नाही’ असं जपानीत छापून जवळ ठेवा आणि जेवणाआधी नाही, टेबलावर बसायच्या आधी दाखवा. मेतकूट, चटण्या, खाकरे, उपम्याची पाकिटं न्या.

खरा उपाय म्हणजे कोयासान. ओसाकाच्या नांबाहून ट्रेनने गोकुराकुबाशी, तिथून केबल कार. डोंगरमाथ्यावरच्या या मठांच्या गावाची सुरुवात इ. स. ८१६ मध्ये कूकाई या बौद्ध भिक्षूने केली. मठात राहता येतं आणि जेवण शोजिन र्‍योरी (मठातलं शाकाहारी जेवण), म्हणजे मासळी नाहीच, कांदा-लसूणसुद्धा नाही. दाशी कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि मशरूमची. तिळाचं तोफू आणि गोठवून वाळवलेलं कोया-दोफू पानात येतं. आमच्या सासूबाई परदेशात पहिल्यांदा न विचारता जेवल्या त्या तिथे.

तिथलं ओकुनोइन हे स्मशान चुकवू नका. इचिनोहाशी पुलापासून कूकाईच्या समाधीपर्यंत दोन किलोमीटर, उंच सुगीच्या (जपानी देवदार) झाडांतून, दोन्ही बाजूंना दोन लाखांवर थडगी आणि स्मारकं. पाच दगड एकावर एक रचलेल्या स्मारकांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली अक्षरं कोरलेली आहेत. शेवाळ बोटाने जरा बाजूला केलं तर... करू नका, नुसतं वाकून बघा. ‘अ’ आणि ‘व’ ओळखीचे वाटतात. रात्री मठातले भिक्षू इंग्रजीतून फिरवतात, तो गाईड जरूर घ्या. दिवसा तुमचे तुम्ही.

मुक्ता_पर्वती

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. बाबांना वाचून दाखवतेय. आता दोन शंका. २०२५ च्या शरदात जपानातल्या अस्वलांच्या हल्ल्यांच्या बातम्यांनी आईची झोप उडवली होती, ती अजून त्याच प्रश्नावर आहे. आणि गाईड खरा की खोटा हे इथे बसून ओळखायचं कसं?

एदोगावाकर

अस्वलांची बातमी खरी आहे, हसण्यावारी नेऊ नका. पण जास्त त्रास उत्तरेकडे, आकिता-इवाते भागात झाला. कामिकोचीतही अस्वलं आहेत, हिमालयातल्या काळ्या अस्वलाचीच जात. बॅगेला घंटा लावा, पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलवाटेवर जाऊ नका, माहिती केंद्रात कुठे दिसलंय त्याचा फलक रोज बघा. बाबांना पहाटेच पक्षी बघायचे असणार, तर त्यांना गाईडबरोबरच सोडा. हे एक कारण सदूभाऊंनाही पटावं.

गाईडची भानगड अशी की पूर्वी पैसे घेऊन परदेशी पाहुण्यांना फिरवायला सरकारी परीक्षेचा परवाना सक्तीचा होता. जानेवारी २०१८ पासून सक्ती गेली. परवानाधारक आजही आहेत, ओळखपत्र दाखवतात. बिनपरवान्याचा माणूस बेकायदा नाही, चांगलाही असू शकतो. पण गाडीचं वेगळं. ‘माझ्याच गाडीतून नेतो’ म्हणाला तर नंबरप्लेट विचारा. भाड्याने प्रवासी नेणारी गाडी हिरव्या पाटीची हवी. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून पैसे घेऊन नेणं बेकायदा, अपघात झाला तर विम्याचा घोळ तुमच्या गळ्यात.

परवानाधारक गाईडचा पूर्ण दिवस साधारण ३०,००० ते ५०,००० येन धरा, चौघांत मिळून. विनामूल्य स्वयंसेवकही बऱ्याच शहरांत असतात, नारात विद्यार्थ्यांचेही गट आहेत. त्यांचं प्रवासभाडं, प्रवेशफी आणि जेवण आपण द्यायचं. देवळांसाठी उत्तम, पक्ष्यांसाठी नशीब.

कान्साईवासी

उशिरा आले, पण गाईड पारखायची माझी पद्धत सांगते. ईमेलमध्ये नेमका प्रश्न विचारा : ‘नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात या वाटेवर कोणते पक्षी दिसतात आणि किती वाजता निघावं?’ ज्याला माहीत आहे तो दोन ओळींत वेळ आणि जाती लिहितो. ज्याला नाही तो ‘अविस्मरणीय अनुभव’ लिहितो. मी एकदा ऑनलाइन घेतलेला एक गाईड (नाव घेत नाही) अख्खा वेळ फोनवरून वाचूनच सांगत होता, आणि तेही माझ्याहून हळू.

अजून एक, कुणी लिहिलं नाही म्हणून : टोक्योतला एक दिवस ताकाओसाठी ठेवा. ५९९ मीटरचा डोंगर, शिंजुकूहून केओ लाईनने तासाभरात. वर याकुओ-इन देऊळ, लांब नाकाच्या तेंगू नावाच्या डोंगरी भुतांचं. तिथल्या जुन्या सुगींच्या ढोल्यांत मुसासाबी राहतात, उडत्या खारी. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने बाहेर पडतात आणि एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातात. नोव्हेंबरात पावणेपाचच्या सुमारासच सूर्य जातो, त्यामुळे आई-बाबांना जागरण नाही. विजेरीला लाल कागद लावायचा, पांढरा उजेड मारायचा नाही. हे मात्र जाणकाराशिवाय करू नका. अंधारात केबल कारची शेवटची फेरी चुकली तर उतार पायी, आणि आईंचा गुडघा तुम्हीच म्हणालात. जायचं ते आठवड्याच्या मधल्या वारी. शनिवार-रविवारी तिथे दादरचा पूल असतो.

आणि जेआर पास (परदेशी पर्यटकांसाठीचा रेल्वे पास) सहज म्हणून काढू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० वरून ५०,००० येन झाला. तुमच्या मार्गाला सुटी तिकिटंच स्वस्त पडतील असं दिसतंय. मोठ्या बॅगा कुरिअरने पुढच्या हॉटेलला पाठवा. कामिकोची आणि कोयासानला पाठीवरच्या पिशवीतच जा.

मुक्ता_पर्वती

ठरलं मग. ताकाओला संध्याकाळचा गाईड, कामिकोचीत सकाळचा, नारात अर्धा दिवस, कोयासानला रात्रीचे भिक्षू. जिगोकुदानी कटाप, बाबा थोडे हिरमुसले, पण उडत्या खारीवर तडजोड झाली. टूर कंपनीला नकार कळवला आणि नवरा पुन्हा पूर्ण वाक्यांत बोलायला लागलाय.

शेवटचं : गाईडला टिप किती द्यायची असते?

एदोगावाकर

टिप देऊ नका, अवघडतात. घरचा काही खाऊ छान बांधून द्या, तो दोन्ही हातांनी घेतील. मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, तुम्हाला तो प्रश्नच नाही. आणि कामिकोचीच्या मुक्कामाचं बुकिंग आजच बघा, बंद व्हायच्या आधीच्या आठवड्यांत खोल्या मिळत नाहीत.