माहितीच्या चौकटीला आपली सीएसएस लावता यावी की नको?

दिग्रसकर: गावच्या अभ्यासिकेत आम्ही पोरांना पायथन शिकवतो. फंक्शनची माहिती मराठीतच लिहायची, असा नियम केलाय. पण व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये फंक्शनच्या नावावर माउस नेला की जी चौकट उघडते, तिच्यात ओळी इतक्या दाटतात की खालची वेलांटी वरच्या उकाराला भिडते. मार्कडाउनच्या (साध्या खुणांनी मजकूर सजवायच्या पद्धतीच्या) प्रिव्ह्यूला आपली सीएसएस, म्हणजे मजकूर कसा दिसावा याचे नियम, लावता येते, मग या चौकटीलाच मनाई काऊन?

वरूडवाला: कारण प्रिव्ह्यू वेगळ्या वेबव्ह्यूत, म्हणजे अलग ठेवलेल्या वेबपानात, चालतो आणि ही चौकट एडिटरच्या मुख्य खिडकीत. तिथं बाहेरची सीएसएस शिरली तर ती मेनूही झाकू शकते. एक्स्टेन्शननं (एडिटरला जोडलेल्या पूरक प्रोग्रॅमनं) एचटीएमएल पाठवलं तरी त्यातल्या स्पॅन या टॅगला अक्षरांचा रंग, पार्श्वभूमी अशी मोजकीच सूट मिळते, ती यासाठीच. शिवाय २०१६ मध्ये आलेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलनुसार (एडिटरला कोडची माहिती पुरवायच्या ठरलेल्या पद्धतीनुसार) ही माहिती मार्कडाउन किंवा साधा मजकूर म्हणून जाते. तीच माहिती कोणी व्हिम या दुसऱ्या एडिटरमध्ये वाचतो, कोणी ईमॅक्समध्ये. तुम्ही सीएसएसनं समजा लाल पट्टी लावली, तर ती तिथं दिसणारच नाही.

दिग्रसकर: लाल पट्टी मागतंय कोण? लिहिणाऱ्यानं सजवावं असं मी म्हणतच नाही. वाचणाऱ्याला त्याच्या मशीनवर हवं तसं दिसावं, एवढंच.

लोणारचा पोट्टा: राजेहो, भांडता कायले? सेटिंगमधी एडिटरच्या ओळीची उंची वाढवा. चौकट तेच माप घेते.

दिग्रसकर: ते करून पाहिलं भाऊ. कोडही तेवढाच फाकतो. आमचे लॅपटॉप जुने, १३६६ × ७६८ चे. अर्धं फंक्शन स्क्रीनबाहेर जातं.

मेहकरी: एडिटरच्या फाइलीच पॅच करणारं, म्हणजे त्यांच्यात आपला बदल घुसवणारं, एक्स्टेन्शन मिळतं. लावा आणि मोकळे व्हा.

वरूडवाला: आणि लगेच ‘इन्स्टॉलेशन खराब झालंय’ असा इशारा येतो, अपडेट आलं की पॅचही पुसला जातो. शिकाऊ पोरांच्या मशीनवर हे उद्योग नकोत. चौकटीपुरती ओळीची उंची आणि फॉन्ट वेगळा ठेवता यावा, एवढी मागणी करा, मी सोबत आहे. सीएसएस मात्र नाही.

लोणारचा पोट्टा: हे बरं हाये.

दिग्रसकर: काय बरं? आज उंची, उद्या फॉन्ट, परवा तक्त्याच्या रेघा. दरवेळी अर्ज घेऊन उभं राहायचं का?